मधले कुठे गेले?

पडद्यावर लाल रंग उमटला आणि टेबलामागची मुलगी हळू आवाजात म्हणाली, "विसंगत. माफ करा हं." दिवसाकाठी कितीतरी वेळा तिला हे शब्द उच्चारावे लागत असतील, तरी तिच्या आवाजातली कणव खोटी नव्हती. चारुशीला मयेकर आपल्या लेकीच्या खुर्चीमागे उभी होती. तिनं निहाराकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या तुषार गवाणकरकडे. दोघांनी नुसती मान हलवली. बोट उशिरा सुटणार असं कुणी सांगितलं असतं तर जशी हलवली असती तशी.

त्या काळात लग्नाआधी जन्मपत्रिका बघायची चाल जवळजवळ मोडली होती. तिच्या जागी रंगपत्री आली होती. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे शेहेचाळीस धागे असतात, तेवीस आईकडून आलेले आणि तेवीस बापाकडून. प्रत्येक जोडीला निराळा रंग देऊन काढलेलं त्यांचं छायाचित्र म्हणजे रंगपत्री. मूल जन्मलं की टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन ती काढत, आणि लग्न ठरलं की दोघांच्या पत्र्या सुसंगती केंद्रात शेजारी शेजारी मांडत. सक्ती कुणाची नव्हती. पण निकाल लाल आला तर मंगल कार्यालयवालाही तारीख द्यायला कां-कूं करायचा.

आंबोळ खाडीच्या पट्ट्यात लाल निकाल फार. तिथल्या गावांत पिढ्यान् पिढ्या नात्यातच सोयरिकी होत आल्या होत्या. फार पूर्वी कुणाच्या तरी पेशीत तेराव्या आणि चौदाव्या क्रमांकाचे दोन धागे चिकटून एक झाले, आणि तो सांधा घराघरांत पसरला. ज्यांना आई आणि बाप दोघांकडून सांधलेला धागा मिळाला त्यांची गुणसूत्रं चव्वेचाळीस. त्यांना लोक 'सांधीव' म्हणत. शेहेचाळीसवाले ते 'सुटे'. आणि एका बाजूनं सांधा, दुसऱ्या बाजूनं सुटे धागे मिळालेले पंचेचाळीसवाले ते 'मधले'. तब्येतीत, बुद्धीत, रूपात तिघांमध्ये काडीचा फरक नव्हता. फरक कळायचा तो मूल होण्याच्या वेळी, आणि तोही मधल्यांनाच. म्हणून मधल्याची पत्री कुणाच्याही शेजारी मांडली तरी निकाल लालच येई.

तुषार सुटा होता. निहारा मधली होती. चारुशीलाही मधलीच. तिच्या लग्नाच्या वेळी रंगपत्री नव्हती, म्हणून तिला लाल निकाल कुणी दाखवला नव्हता. निहाराच्या आधी तिची चार मुलं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला पाचवा महिना भरला होता आणि सासूबाईंनी दुपटी शिवायला घेतली होती. प्राणिशास्त्राची अध्यापिका असलेल्या चारुशीलानं नंतर स्वतःच्या रक्ताची पत्री स्वतःच्या हातानं काढली आणि त्यातला तो एक लांब धागा कितीतरी वेळ बघत बसली. तेव्हापासून गुणसूत्रं हाच तिचा विषय झाला.

परतीच्या वाटेवर तुषार गाडी चालवत होता. तो फायबरच्या मासेमारी बोटी बांधायचा. ज्या गोष्टीचा सांगाडा डोळ्यांपुढे उभा राहत नाही ती त्याला पटत नसे.

"काकू, केंद्रातल्या बाई टक्केवारी सांगतात," तो म्हणाला. "मला ती समजत नाही. नेमकं होतं काय, ते सांगा ना."

"समज, एका ग्रंथाचे दोन खंड आहेत," चारुशीला म्हणाली. "तुझ्याकडे त्याच्या दोन प्रती, चारही खंड सुटे. सांधीव माणसाकडेही दोन प्रती, पण प्रत्येक प्रतीचे दोन्ही खंड एकाच पुठ्ठ्यात बांधलेले. मजकूर तोच, पानं तीच. निहाराकडे एक प्रत बांधलेली आणि एक सुटी. आता बीज तयार होताना त्यात एक पूर्ण प्रत जायला हवी. बांधलेली गेली, तरी चालतं. सुटे दोन्ही खंड गेले, तरी चालतं. पण कधी बांधलेली प्रत आणि वर एक सुटा खंड जातो. कधी नुसता एकच खंड."

"मग?"

"मग ते मूल टिकत नाही."

"आणि कधी काय जाईल, हे आपल्या हातात नाही."

"नाही."

प्रयोगशाळेत गर्भ तपासून निवडण्याची विद्या माहीत होती, पण कायद्यानं तिच्यावर कडक बंदी होती. मुलींना जन्माआधीच नाहीसं करणाऱ्या पिढ्यांनी ती बंदी ओढवून घेतली होती, आणि ती उठवायला कुणीच तयार नव्हतं.

मागे बसलेली निहारा म्हणाली, "आम्ही लग्न करणार आहोत, आई. मार्गशीर्षात." आरशातून तिनं तुषारकडे पाहिलं. तो हसला. चारुशीला खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे देवसड्यावर गेली. सडा म्हणजे समुद्राकडे उतरणाऱ्या डोंगराचा जांभ्या दगडाचा सपाट माथा. तिथे एक छोटा सरडा राहतो, मळकट तपकिरी, एरवी दगडावर बसला तर दिसायचा नाही. विणीच्या दिवसांत मात्र नर उंच दगडावर चढून गळ्याखालचा पडदा पंख्यासारखा उघडतो आणि मादी लांबून ते पंखे निरखत फिरते. चारुशीला काठीच्या टोकाला दोऱ्याचा फास लावून सरडे अलगद पकडायची, शेपटीतून थेंबभर रक्त घ्यायची आणि जिथून उचलला त्याच दगडावर परत सोडायची.

योगायोग असा, की या सरड्याचीही गुणसूत्रं शेहेचाळीस. आणि त्याच्यातही सांधा होता.

हे काम तिच्या गुरूंनी, डॉ. वाडदेकरांनी, सुरू केलं होतं. इराणच्या वाळवंटापासून ब्रह्मदेशाच्या जंगलापर्यंत या सरड्याचे भाऊबंद पसरले आहेत. वाडदेकरांनी त्यातल्या बहुतेकांची गुणसूत्रं जमवून शेजारी शेजारी मांडली. तेव्हा दिसलं की ग्रंथ सगळ्यांकडे एकच आहे, बांधणी तेवढी निराळी. एका जातीत दोन खंड जोडलेले, शेजारच्या जातीत भलतेच दोन. जितक्या जाती तितक्या बांधण्या. पण एकाची दुसरी जात होताना मधे काय घडलं, ते कुणी पाहिलं नव्हतं. आधीचं आणि नंतरचं तेवढं हाती लागे.

देवसड्यावर वाडदेकरांना तिन्ही प्रकार एकत्र सापडले होते: सुटे, सांधीव आणि मधले. त्यांच्या जुन्या काचपट्ट्यांवर मधले भरपूर होते. चारुशीला त्याच सड्यावर गेली कित्येक वर्षं रक्त घेत होती, आणि तिच्या काचपट्ट्यांवर मधले कमी होत होत आता उरलेच नव्हते.

त्या दिवशी उदयन खोत तिला शोधत सड्यावर आला. तो सुसंगती केंद्राचा विभागप्रमुख. शहरी बूट घालून जांभ्यावरून ठेचकाळत आला आणि धापा टाकत तिच्याजवळ खाली बसला.

"मॅडम, निहाराच्या निकालाचं कळलं. वाईट वाटलं," तो म्हणाला. "पण मी त्यासाठी नाही आलो. विधिमंडळाची समिती बसतेय. सुसंगती सक्तीची करायचा मसुदा आहे. लाल निकाल आला तर विवाहनोंदणी नाही. तुमची साक्ष हवी. सांध्यावर तुमच्याइतका अभ्यास कुणाचा नाही."

"तुम्हाला सक्ती कशाला हवी?"

खोतनं बुटात गेलेला खडा काढून टाकला. "माझी थोरली बहीण मधली आहे. सहा वेळा गेलं तिचं. आता ती कुणाशी बोलत नाही. मी फार मोठ्या गोष्टी करत नाहीये, मॅडम. एवढं कुणाच्या वाट्याला येऊ नये, इतकंच."

चारुशीलाला त्याचा राग आला नाही. तिनं समोरच्या दगडाकडे बोट केलं. दगडावरच्या नराचा पंखा निळा होता आणि त्याच्या मधोमध केशरी ठिपका होता.

"हा सांधीव. पलीकडचा, नुसत्या निळ्या पंख्याचा, तो सुटा. मधल्यांचा ठिपका फिकट असायचा. पूर्वी माद्या कुठल्याही नराकडे जायच्या. मधल्यांकडे गेलेल्या माद्यांची निम्मी अंडी वाया जायची. ज्या माद्यांना ठिपका ओळखून आपल्यासारखाच नर निवडायची खोड होती, त्यांची पिल्लं जास्त जगली, आणि ती खोड पिल्लांमध्ये उतरली. आता सगळ्याच माद्या निवडतात."

"आणि मधले? त्यांना काय झालं?"

"काहीच नाही. त्यांना कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त कुणी निवडलं नाही."

"मग हेच तर आमचं म्हणणं आहे," खोत उत्साहानं म्हणाला. "निसर्गानं जे केलं तेच आम्ही करतोय. शिवाय रडारड न होता."

"बरोबर आहे तुमचं. आता पुढचं ऐका. एका सांध्यानं लगेच दोन जाती होत नाहीत. पण एकमेकांत विणणं थांबलं, की दोन्हीकडे आपापले नवे सांधे साठत जातात. मग एखादी मादी चुकून पलीकडे गेली, तरी पिल्लू होतच नाही. इराणपासून ब्रह्मदेशापर्यंत हेच झालंय. मधे डोंगर लागला नाही, नदी लागली नाही. हा बारका सडा आहे, खोत. निवडच पुरली. तुमचं केंद्र तीस वर्षं सुट्याला सुटा आणि सांधीवाला सांधीव जुळवतंय. खाडीपट्ट्यातल्या मधल्यांच्या जन्माचे आकडे मी माझ्या काचपट्ट्यांशेजारी ठेवून पाहिले. दोन्ही रेघा सारख्याच उतरतायत."

खोतला अर्थ कळायला क्षणभर लागला. "म्हणजे माणसाच्या दोन जाती होतील? जात म्हणजे, तुमच्या शास्त्राच्या अर्थानं?"

"आपल्याकडे शब्द एकच आहे. आजवरची जात आपण नुसती पाळली. मुलगा-मुलगी पळून गेले, त्यांना धडधाकट मूल झालं, की ती खोटी ठरायची. ही खोटी ठरणार नाही."

खोत उठला. पँटवरची माती झटकत म्हणाला, "त्याला हजारो वर्षं लागतील. माझी बहीण आत्ता रडतेय."

चारुशीलानं काठीच्या टोकाचा फास सोडवला. मग ती म्हणाली, "साक्षीला मी येईन. पण तुमच्या बाजूनं नाही."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा निहारा कांदा चिरत होती. चारुशीलानं हात धुतले, तिच्याशेजारी उभी राहिली आणि दिवसभर तोंडाशी आलेलं बोलून गेली. "निहारा, हे लग्न नको करूस."

सुरी थांबली.

"तुझ्या वयात मी हे सोसलेलं आहे," चारुशीला पुढे म्हणाली. "आत काहीतरी हलत असतं आणि एक दिवस हलायचं थांबतं. लोक म्हणतात, पुढच्या वेळी होईल. माझ्या मुलीनं त्यातून जायचं, हे मला नाही बघवणार."

"खोतकाकांना तू काय सांगितलंस, ते त्यांनी मला फोन करून सांगितलं. 'आईला समजव' म्हणत होते," निहारा शांतपणे म्हणाली. "तू सड्यावर एक बोलतेस आणि स्वयंपाकघरात दुसरं."

चारुशीलानं ओले हात पदराला पुसले.

"चार गेल्यावर मी झाले. चौथ्यानंतर तुला कुणी लाल दिवा दाखवला असता, तर?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण तिनं ते टाळलं. "मी थांबले असते," चारुशीला म्हणाली.

निहारानं मान डोलावली. तिला उत्तर माहीत असावं. तिनं कांदा पातेल्यात टाकला. "मग तिथे जाऊन हेही सांग. नुसते सरडे नको सांगूस."

समितीपुढे चारुशीलानं सरड्यांचं सांगितलं, आणि नंतर स्वतःचंही सांगितलं. चार वेळा काय झालं ते सांगताना तिचा आवाज हलला नाही. ती म्हणाली, "या दुःखाची किंमत मला ठाऊक आहे. तरीही मी सांगते, ते टाळण्यासाठी कायदा करू नका. माझ्यासारख्या बायकांच्या पोटात दोन प्रकारची माणसं अजून एकत्र येतात. आम्ही संपलो की ती जागा संपली."

सभागृहात सांधीवांच्या मंडळाची अध्यक्ष बसली होती, सुलभा तांडेल नावाची. तिनं परवानगी मागून विचारलं, "बाई, झालो आम्ही निराळी जात, तर बिघडलं कुठे? आमच्यात आपसांत दिलेल्या मुली रडत परत येत नाहीत. तुमची जागा राखायला आमच्या मुलींनी का सोसायचं?"

"तुमच्या मुलीनं सुट्या मुलाशी लग्न केलं तर तिला स्वतःला काही सोसावं लागणार नाही," चारुशीला म्हणाली. "तिची मुलं मात्र सगळी मधली होतील, आणि सोसतील ती. म्हणून ताई, तुम्ही सोसाच असं मी म्हणत नाही. मी इतकंच म्हणते, की कुणी स्वतःहून सोसायला तयार असेल तर सरकारनं त्याचा रस्ता अडवू नये. आज दार लावलंत, तर पुढे कधीतरी ते उघडायचं म्हटलं तरी उघडणार नाही. पलीकडची माणसं तुमच्यासारखीच बोलतील, तुमच्यासारखीच गातील, आणि तरी त्यांच्याशी तुमचं नातं होऊ शकणार नाही. नातं नसलेल्या माणसांशी आपण कसे वागतो, ते मी सांगायला नको."

तांडेलबाई खाली बसली. तिला पटलं नव्हतं, पण ती पुन्हा उठली नाही.

मसुदा बारगळला. सक्ती होणार नव्हती. निकाल कळला तेव्हा खोतनं स्वतः फोन करून तिचं अभिनंदन केलं, आणि त्याच्या सुरात कडवटपणा नव्हता. निहारानं आईला मिठी मारली. चारुशीलाला बऱ्याच वर्षांनी हलकं वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी तुषार आला. चारुशीला परसात कोकमं वाळत घालत होती. त्यानं हाक मारली, चप्पल काढली आणि निहारा घरात आहे का, हे न विचारता तिच्याजवळच उकिडवा बसला.

"काकू, तुमची साक्ष मी ऐकली. सगळी," तो म्हणाला. "दोनदा ऐकली."

"मग?"

"तुम्ही तिसऱ्या वेळेचं सांगितलंत ना, ते ऐकताना मला तुमच्या जागी निहारा दिसत होती." त्यानं एक कोकम उचललं आणि परत ठेवलं. "लाल दिव्याला मी भीक घातली नव्हती. घरचे नको म्हणाले, त्यांनाही मी जुमानलं नाही. पण मी तिच्याशी लग्न करायचं आणि माझ्यामुळे तिला ते सोसायला लावायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही."

"तुझ्यामुळे नव्हे. तिच्यात ते आहेच."

"मूल हवं म्हटलं तर सोसायची तीच ना. आणि तिला मुलं हवी आहेत, ते तुम्हालाही माहीत आहे." त्याचे डोळे भरून आले होते. "तिच्यावर माझं प्रेम नसतं, तर मी केलं असतं लग्न."

चारुशीलाला वाटलं, याला हलवून जागं करावं. सांगावं की अरे, मी सभागृहात उभी राहून जे बोलले ते तुमचा रस्ता मोकळा व्हावा म्हणून. पण तो रागावलेला नव्हता, भित्रा नव्हता, कुणाचं ऐकून आलेला नव्हता. ती स्वतः स्वयंपाकघरात जे बोलली होती तेच तो बोलत होता, आणि त्याच कारणानं. डोंगर नव्हता, नदी नव्हती, आता कायदाही नव्हता.

"तिला हे तू स्वतः सांग," ती म्हणाली. "समोर बसून. माझ्या हातून नको."

तो आत गेला. बोलणं फार वेळ चाललं नाही. जाताना त्यानं चारुशीलाला वाकून नमस्कार केला आणि फाटक हळूच लावून घेतलं.

निहारा बाहेर आली ती कोरड्या डोळ्यांनी. आईनं अर्धवट सोडलेली कोकमं ती पसरू लागली, एकमेकांना चिकटलेली सोडवून, एकेक वेगळी करून.

"भांडायचं होतंस," चारुशीला म्हणाली.

"कशावरून भांडू? तो मला वाईट म्हणाला असता, तर भांडले असते." निहारा काम करतच राहिली. "केंद्रातल्या त्या मुलीला माझी दया येते. खोतकाकांना येते. तुला येते. आता तुषारलाही. माझं वाईट चिंतणारं एकही माणूस नाही, आई. सगळ्यांनाच माझी काळजी आहे."

चारुशीला तिच्याशेजारी बसली. अशा वेळी आयांनी म्हणायची वाक्यं तिला ठाऊक होती. दुसरा कुणी मिळेल, काळ औषध असतो. तिच्या तोंडून त्यातलं एकही निघालं नाही.

"मी कुणी मिळेपर्यंत थांबणार आहे," निहारा म्हणाली. "सुटा असो, सांधीव असो, माझ्यासारखा असो. फक्त माझ्या वाट्याचं दुःख माझ्या वतीनं नाकारणार नाही, असा हवा."

"आणि नाहीच मिळाला तर?"

निहारानं हातातलं कोकम उन्हात ठेवलं आणि पहिल्यांदाच आईकडे सरळ पाहिलं.

"मग तुझ्या त्या उतरत्या रेघेवर मीही असेन," ती म्हणाली. "तेव्हा लिहिताना एक लिही, आई. यांना कुणी दुष्टाव्यानं संपवलं नाही, असं लिही."